अर्धा आटा

४ नोव्हेंबर, मंगळवार

खारूच्या बाबास,

तुझं पत्र काल मिळालं. खारूबद्दल जे काही असेल ते फोनवर न बोलता लिहून कळवायचं, असं आपलं ठरलं आहे. तू ते पाळलंस, म्हणून मीही लिहूनच उत्तर देते. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला कुठे जाऊन पोचतो ते दोघांनाही ठाऊक आहे.

आधी तिची तब्येत. हनुवटीचे टाके सुकत आहेत. मनगटाची सूज उतरली, पण मूठ अजून नीट वळत नाही. केस एका हाताने विंचरता येत नाहीत, म्हणून सकाळी ती माझ्यापुढे पाठ करून बसते. सोळा वर्षांच्या मुलीचे केस मला पुन्हा विंचरायला मिळताहेत. या सगळ्या प्रकरणात माझा झालाच तर एवढा फायदा झाला आहे.

आता तुझे मुद्दे. पुढच्या पहिल्या तारखेपासून खारूनं आठवडाभर तुझ्याकडे राहावं आणि शनिवार-रविवार माझ्याकडे यावं, म्हणजे आत्ता आहे त्याच्या बरोबर उलट. शाळेत तू गाडीनं सोडशील. सायकल कायमची बंद. कारण, "जिथे मुलीच्या सायकलीची चेन धड राहत नाही, तिथे मुलगी कितपत सुरक्षित आहे हा प्रश्न पडतो." हे वाक्य तुझं वाटत नाही, तुझ्या ताईंचं वाटतं. तुझंच असेल तर माफ कर.

शनिवारी तुझ्याकडे येताना ती सायकलीवरून पडली. रविवारी फाटकापाशी तिला गाडीतून उतरवताना तू म्हणालास, "तुझं लक्ष असतं कुठे?" मी म्हटलं, "पडली ती तुझ्या बाजूच्या पुलावर." दोन्ही वाक्यं तिनं मागच्या सीटवर बसून ऐकली. कालव्यावरचा पूल कोणाच्या बाजूचा असतो, हे मला नंतर सुचलं.

ही सायकल आपण का घेतली ते तुला आठवत असेलच. शनिवारी मी तिला तुझ्या दारात सोडायची, रविवारी तू माझ्या दारात, आणि त्या उभ्याउभ्या भेटीत आपण आठवड्याभराचं भांडून घ्यायचो. तिची ती येऊ-जाऊ लागली आणि फाटकापाशी शांतता झाली. आता तू पुन्हा गाडी काढायचं म्हणतोस. त्यावर खारूचं म्हणणं तिच्याच शब्दांत: "मला पोत्यासारखं डिकीत टाकून इकडून तिकडे नेणार असाल तर मी कुठेच जात नाही. जिथे आहे तिथे बरी." त्यामुळे या शनिवारी ती तुझ्याकडे येणार नाही. मी तिला फूस दिलेली नाही. तुला ते पटणार नाही हे गृहीत धरूनच लिहिते आहे.

माझ्या मते दोष दुकानाचा आहे. घेऊन वर्ष झालं नाही आणि चेन अशी पडते की फ्रेमच्या नळीला नखभर खोल खाच पाडते, ही कसली सायकल? खाचेतून केसासारखी चीरही गेली आहे. आता ती चालवायची नाही, एवढं मलाही कळतं. बिल तुझ्याकडे आहे, ते पाठव. दुकानात मी जाते.

आणि सायकलीची इथे आबाळ होते म्हणतोस, तर दर रविवारी संध्याकाळी ती आली की मी सायकल पुसते, चेनला तेल देते. खारूला विचार.

— खारूची आई


९ नोव्हेंबर, रविवार

खारूच्या बाबास,

बिल मिळालं. काल ती आली नाही तेव्हा तू फोन केलास आणि काही न बोलता ठेवलास. मी उचलला होता. 

दुकानात जाऊन आले. सायकल रिक्षात आडवी घालून नेली. तिथला मिस्त्री तुला आठवत असेल, बोलतो जास्त आणि खुर्चीवरून उठतो कमी. त्यानं बसल्या जागेवरून फ्रेमकडे पाहिलं आणि म्हणाला, "ही गॅरंटीत नाही बसत, बाई."

"बघितलीत कुठे अजून?"

"इथूनही दिसतंय. आपणहून तडकली असती तर कंपनीनं दिली असती. ही चेननं खाल्लीय."

"पण चेननं का खावी?"

"ते चेनला विचारा."

मग मी तिथून हलत नाही असं बघून तो उठला. आमचं बराच वेळ वाजलं. त्यातलं जे मला कळलं ते लिहिते. पुढच्या बाजूला पायडलांपाशी एक मोठी चक्री आहे आणि तिच्या आत एक छोटी. सपाटीला मोठी, चढाला छोटी. चेनला मोठीवरून छोटीवर ढकलायला वर पत्र्याचा एक पिंजरा असतो आणि तो आत किती सरकावा हे एक इवलासा स्क्रू ठरवतो. स्क्रू सैल झाला की पिंजरा जास्त आत येतो आणि चेन छोट्या चक्रीवर न थांबता पलीकडे पडते. स्क्रू जास्त आवळला तर पिंजरा मागेच थांबतो. मग चेन पडत नाही, पण चढाला पिंजऱ्याला घासत राहते आणि खरखर करते.

"तो स्क्रू तुम्ही नीट लावून दिला नव्हता," मी म्हटलं.

"लावून दिला होता. नवीन केबल ताणते, म्हणून महिन्यानं फुकट सर्व्हिसला आणा म्हटलं होतं. आणली?"

"हिच्या वडिलांनी आणली होती."

"कुणी नाही आणली. विकली त्या दिवशी पाहिली, ती आज."

तुला वाटलं असेल मी नेली, मला वाटलं तू नेलीस. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते असं.

पुढे तो म्हणाला, "शिवाय हा काटा आमचा नाही." छोट्या चक्रीच्या आतल्या अंगाला, चेन आत पडू नये म्हणून आडवा बसवलेला काळा काटा. मला वाटत होतं तो मुळातच सायकलीबरोबर आलेला आहे. आता आठवून बघते तर गेल्या महिन्यापर्यंत तिथे काही पाहिल्याचं आठवत नाही. मिस्त्रीचं म्हणणं, चेन काट्याला ओलांडून गेली, काटा आणि फ्रेम यांच्या सापटीत अडकली, आणि पोरीनं चढ म्हणून जोर लावला तेव्हा तिनं नळी कापली. पायडल जागच्या जागी थांबलं. म्हणून ती पुढे फेकली गेली. "काटा नसता तर चेन नुसती पडली असती. हात काळे झाले असते, बस."

मी त्याला म्हटलं, तरी विकताना घरच्यांना सगळं नीट समजावणं तुमचं काम होतं. तो म्हणाला, "बाई, मी सायकली विकतो. घरात कोण कोणाशी बोलतं ते मी कसं बघणार?" मी त्याला आपल्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. खारू बरोबर होती, ती हसली.

तर सरळ विचारते: काटा तू बसवलास का? बसवला असशील तर हनुवटीला टाके कशामुळे पडले याचा विचार तूही कर, आणि ताईंनाही करायला सांग.

माझ्यापुरतं म्हणशील, तर मी पुसण्यापलीकडे सायकलीला फारसा हात लावत नाही. आवाज फार होत असेल तर एखाद्या वेळी इकडचं तिकडे केलं असेल, इतकंच.

— खारूची आई


१४ नोव्हेंबर, शुक्रवार

खारूच्या बाबास,

तुझं पत्र बुधवारी आलं. दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. काल लिहिलं आणि फाडलं.

काटा तू बसवलास हे तू पहिल्याच ओळीत कबूल केलंस. पुढे लिहिलंस ते असं. दर शनिवारी ती तुझ्याकडे येते तेव्हा तिचे हात मनगटापर्यंत काळे असतात. पुलाच्या चढाला गिअर बदलला की चेन पडते, ती रस्त्याच्या कडेला बसून चढवते आणि तशीच पुढे येते. तुझ्या टॉवेलला ते डाग पडतात. म्हणून ती आंघोळीला गेली की तू तो स्क्रू थोडा आवळतोस. आणि पुढच्या शनिवारी हात पुन्हा काळे. तू आणखी आवळतोस, पुन्हा तेच. "मला वाटू लागलं की स्क्रू आपोआप सैल होतो. म्हणून काटा आणला." आणि शेवटी: "तू स्क्रूला हात लावत होतीस का? हो किंवा नाही, एवढंच लिही."

मागच्या पत्रात मी "एखाद्या वेळी" असं लिहिलं आहे. "इकडचं तिकडे" असंही लिहिलं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणं याहून वेगळं नसतं.

हो. मी दर रविवारी तो स्क्रू सैल करत होते.

माझं घर चढावर आहे हे तुला सांगायला नको. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपासून वर येईपर्यंत ती छोट्या चक्रीवर असते, आणि रविवारी संध्याकाळी ती वर येताना सायकल अशी करवादायची की खिडकीत उभं राहून माझे दात शिवशिवायचे. मला वाटायचं, किती जड जात असेल तिला. मला वाटायचं, चढाला सायकल अडते आहे. मी कुठल्याशा पुस्तिकेत बघितलं, पिंजरा घासत असेल तर स्क्रू डावीकडे फिरवा. ती जेवायला बसली की मी जिन्याखाली जाऊन अर्धा आटा डावीकडे फिरवायची. आवाज बंद. पुढच्या रविवारी आवाज पुन्हा हजर. मलाही तेच वाटलं होतं, अक्षरशः तेच: स्क्रू आपोआप आवळतो. मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते, माझं शिक्षण विज्ञानाचं आहे, आणि आपोआप आवळणाऱ्या स्क्रूवर मी महिनोन् महिने विश्वास ठेवला.

तुझ्याकडे उतार आहे. तुला ती खरखर कधी ऐकूच आली नाही. माझ्याकडे येताना स्क्रू तू आवळलेला असायचा, म्हणून चेन पडायची नाही आणि तिचे हात स्वच्छ असायचे. शाळेत ती चालत जाते, आठवडाभर सायकल जिन्याखालीच असते. काळे हात मी कधी पाहिलेच नाहीत.

काल जिन्याखाली बसून बॅटरीच्या उजेडात स्क्रूचं डोकं पाहिलं. त्याची खाच दोन मापांनी चावलेली आहे. वाटणीत मोठा पेचकस माझ्याकडे राहिला आणि छोट्यांची डबी तू नेलीस. मोठा त्या खाचेत नीट बसत नाही, तो तिच्या कडा झिजवतो. छोटा आत गोल फिरतो. बरोबर मापाचा मधला होता, तो आपल्या दोघांपैकी कोणाकडेच नाही. तो हरवला की आपण तो दोन्ही यादीत लिहायला विसरलो, मला आठवत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत नियम आहे. एका यंत्राला एकच हात. ज्यानं ते जुळवलं त्यानं तारीख आणि सही चिकटवायची, दुसऱ्यानं त्याला विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही. नव्या मुलींना हे मीच शिकवते. त्या महिन्यांत दर रविवारी मी रोजनिशी लिहिली आहे. वर्गातली भांडणं, तिचे मार्क, माझी डोकेदुखी, भाजीवाल्याशी झालेली बाचाबाची. स्क्रूचा उल्लेख एकदाही नाही. लपवायचा म्हणून नव्हे. ती नोंद करण्यासारखी गोष्ट आहे असंच मला वाटलं नाही. आई मुलीच्या शर्टाचं बटण लावते तसं.

पत्र का फाडलं, तेही सांगते. तुला हो लिहिलं की ते ताईंच्या हातात जाणार आणि तिथून कदाचित वकिलाच्या. आणि मी गप्प बसले तर खारू माझ्याकडेच आहे, तिनं स्वतः ठरवलं आहे, मला काही करावंच लागत नाही. सकाळी तिची वेणी घालताना हा विचार माझ्या मनात येतो. मी तो घालवते, पण तो वेणीच्या वेळीच येतो.

तर कोण जबाबदार, या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. मी स्क्रू सैल केला नसता तर चेन पडली नसती. तू काटा बसवला नसतास तर पडून काही बिघडलं नसतं. यातला मोठा वाटा कोणाचा हे मला ठरवता येत नाही. मी बराच प्रयत्न केला आणि दर वेळी तो तुझा निघाला, म्हणून तो प्रयत्न मी सोडून दिला.

हे पत्र तू कोणालाही दाखवू शकतोस.

— खारूची आई


१९ नोव्हेंबर, बुधवार

खारूच्या बाबा,

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, तरी लिहिते, कारण हे थांबण्यासारखं नाही.

ताईंचा फोन येऊन गेला. म्हणजे पत्र त्यांनी वाचलं. "सुशिक्षित म्हणवता आणि पोरीच्या सायकलीला पेचकस लावता," म्हणाल्या. मी म्हटलं, "तुमच्या भावानंही लावला." "तो पुरुष आहे, त्याला कळतं त्यातलं." मी म्हटलं, "कळतं म्हणूनच काटा लावला." मग त्यांनी ठेवला. हे तुला चहाडी म्हणून सांगत नाही. इतक्या वर्षांत त्यांच्याशी बोलताना शेवटचं वाक्य माझं होतं, ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि ज्याला त्याची किंमत कळेल असा तूच एक आहेस.

आता खरी गोष्ट. रविवारी मी खारूला सगळं सांगायचं ठरवलं. ती बशीत शेंगांची टरफलं रचत बसली होती. मी म्हटलं, "तुझ्या सायकलीचा स्क्रू मी सैल करत होते."

"माहितीये."

"काय माहितीये?"

"तू रविवारी सैल करतेस. बाबा शनिवारी आवळतो."

"आणि तू हे बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? तू म्हणतेस, खारू, इकडचे निरोप तिकडे न्यायचे नाहीत. बाबा म्हणतो, आईकडे काय चाललंय ते इथे सांगायचं नाही. मग नाही सांगितलं."

ते खरं आहे. तो नियम आपलाच. ती आठ वर्षांची होती तेव्हा आपण दोघांनी, एकाच टेबलाशी बसून, एकमतानं केलेला. त्या दिवशी आपलं एकमत झालेली बहुतेक तेवढीच गोष्ट.

मी विचारलं, "पण अगं, आम्हाला ठाऊक नाही हे तुला कळलं नाही?"

"मला वाटलं ठाऊक आहे. मला वाटलं तुम्ही भांडताय."

"स्क्रूवरून?"

"स्क्रूवरून म्हणजे, स्क्रूनं. ती इकडे फिरवते, तो तिकडे फिरवतो. म्हटलं, भांडू देत बिचारे. फाटकापाशी भांडण्यापेक्षा हे बरं. आवाज नाही काही नाही." मग म्हणाली, "म्हणजे खरखर होती, पण तेवढी चालते."

मला हसू आलं. तिलाही आलं. तिच्या हनुवटीला ताण बसला म्हणून तिनं गाल दाबून धरले. आणि तसेच दाबून धरून म्हणाली, "मग चूक माझीच ना?"

मी म्हटलं, "कशी काय?"

"दोघांचं माहीत असलेली मी एकटीच. बाबाला म्हटलं असतं आई सैल करते, तर त्यानं काटा लावला नसता. म्हणजे हिशोब केला तर माझीच."

हे तिनं रडून वगैरे म्हटलं नाही. गणिताचं उत्तर मागे जाऊन ताडून बघावं तसं म्हटलं. दोन आठवडे ती हाच हिशोब करत होती, आणि मला वाटत होतं ती गाडीतून यायला नको म्हणून रुसली आहे. पत्रं लिहून आपण दोघं दोष एकमेकांच्या अंगणात टाकत होतो. तो मधल्या मधे तिच्यापाशी जाऊन बसला होता.

मी तिला म्हटलं ते एवढंच: "घरातल्या मोठ्यांना एकमेकांशी बोलता येत नाही, हे पोरीनं सांभाळायचं नसतं." ती म्हणाली, "हं." त्या "हं"चा अर्थ मला कळला नाही. पटलं असेल असं नाही.

तर तुला विनंती आहे. ही पहिलीच, आणि तुझ्या पहिल्या तारखेच्या प्रस्तावाशी हिचा संबंध नाही. त्याबद्दल तुला जे करायचं ते कर. पण चूक तिची नाही हे तिला तूही सांगायला हवंस. माझ्या एकटीच्या सांगण्याला अर्धीच किंमत आहे, ते तिला अर्धंच पटणार. आणि हे लिहून कळवू नकोस. ये.

रविवारी सकाळी आम्ही दुकानात जाणार आहोत. जुनी फ्रेम टाकून तिचेच बाकीचे भाग दुसऱ्या फ्रेमवर चढवायचे आहेत. मिस्त्री दिवसभर तिथेच खुर्चीवर असतो.

— खारूची आई


६ डिसेंबर, शनिवार

खारूच्या बाबा,

हे पत्र टपालानं नाही. खारू जोडे घालते आहे आणि मी जेवणाच्या टेबलावर घाईघाईनं लिहिते आहे. पत्र तिनं आणायला आपल्या जुन्या नियमाची आडकाठी होती. पण तो नियम आता मोडीत निघाला. सायकलीचं जे काही असेल ते ती दोन्ही घरी सांगणार, आणि आपण तिला त्याबद्दल रागवायचं नाही, हे दुकानात तिनं आपल्याकडून वदवून घेतलंच आहे.

तू आलास. पहिल्या तारखेचं राहू दे म्हणालास, ताईंच्या नाकावर टिच्चून म्हणालास याची मला कल्पना आहे. पण मला लक्षात राहिलं ते दुसरंच. तू तिला बाजूला घेऊन टायरांच्या ढिगापाशी काय सांगितलंस ते मला ऐकू आलं नाही. मी मुद्दाम ऐकलं नाही असं लिहिणार होते, पण तसं नाही, मिस्त्रीनं पंप सुरू केला होता. ती परत आली तेव्हा तिनं मला एवढंच सांगितलं, "बाबा म्हणाला, माझा हिशोब चुकलाय." आणि नंतर, "त्याचं गणित तुझ्यापेक्षा बरं आहे." म्हणजे पटलं असावं.

मिस्त्रीनं स्क्रू लावायला पेचकस पुढे केला तेव्हा आपण दोघांनीही हात पुढे केला, ते तुझ्या लक्षात आलं का? तो म्हणाला, "पुन्हा सुरू?" आणि पेचकस खारूच्या हातात दिला. तो मधल्या मापाचा होता. तिनं तो मिस्त्रीकडून विकत मागून घेतला आहे. आता तो तिच्या दप्तरात असतो, पेन्सिलींबरोबर.

काल संध्याकाळी जिन्याखाली तिनं स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली. स्क्रू कोणी जराही फिरवला तर रेघ तुटलेली दिसेल. आमच्या प्रयोगशाळेतली चिकटपट्टी मी तिला कधी सांगितली नव्हती, हे तिचं तिनं शोधलं. रंग जांभळा आहे.

चेन आता पडत नाही. निदान मंगळवारपासून, ती चालवू लागल्यापासून, पडलेली नाही. पण पुलावर अजून गेलेली नाही. आज पहिल्यांदा. खरखर मात्र आहे. अगदी खालच्या गिअरला, चढाच्या शेवटी. तिनं स्क्रू किंचित आवळलेलाच ठेवला आहे, म्हणाली, "पडण्यापेक्षा घासलेलं बरं." परवा ती फेरी मारून येताना गिरणीपासून तो आवाज सुरू झाला आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. माझा मोठा पेचकस स्वयंपाकघरातल्या खणात आहे, हे मला माहीत होतं. तो तिथेच आहे. आवाज ऐकला की ती गिरणीपाशी आली हे मला घरात बसून कळतं, इतकी सवय मी आता करून घेते आहे.

तुझ्याकडे उतार आहे, तुला काही ऐकू येणार नाही. म्हणून तू दार उघडशील तेव्हा आधी तिचे हात बघ. स्वच्छ असले तर मला फोन कर. काळे असले तरी फोन कर, आणि तोवर स्क्रूला हात लावू नकोस.

तिसऱ्या वाक्याच्या आत ठेवू आपण.

— खारूची आई